चिटाचे जाकीट

पंढरपुरात वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. दुकान म्हणजे एक पायमशीन, कापड बेतायची फळी आणि भिंतीवर डाग पडलेला आरसा. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांच्या बंड्या आणि पैरणी, एरवी गावातल्या बायकांची पोलकी, मुलींचे परकर. परकर बहुतेक चिटाचे. चीट म्हणजे फुलाफुलांचे रंगीत सुती कापड. माझ्या वयाच्या वाचकांना हे सांगायला नको, लहानांसाठी सांगितले. स्वस्त कापड, चार धुण्यांत विटायचे. तरी वडील ते बेतायला घेत तेव्हा त्यांचा एक नियम असे: फूल तुटता कामा नये. दोन भागांचा जोड जिथे येईल तिथे अलीकडचे अर्धे फूल आणि पलीकडचे अर्धे फूल जुळलेच पाहिजे, मग त्यापायी वीतभर कापड वाया जाईना का. गिऱ्हाईक त्या वीतभर कापडासाठी भांडे. वडील मान वर न करता म्हणत, "तुम्हाला नाही दिसत. समोरच्याला दिसतं."

मी शिंपी झालो नाही. सरकारी खात्यात कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कापडाचा इतिहास वाचत राहिलो. या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. इंग्रजी पुस्तके मी अजूनही कोश शेजारी ठेवून वाचतो.

२०१७ साली पुतणीकडे नेदरलँड्सला गेलो होतो. तिची नोकरी तिकडे. "काका, कापडाचं प्रदर्शन आहे, तुम्हाला आवडेल," म्हणून ती मला उत्तरेकडच्या लेउवार्डन गावी, फ्रीस म्युझियममध्ये घेऊन गेली. प्रदर्शनाचे नाव होते 'सिट्स'. हा डच शब्द म्हणजे आपला चीटच. पोर्तुगीजांनी त्याचे 'चिता' केले, फ्रेंचांनी 'शीत', इंग्रजांनी 'चिंट'. इंग्रजांचे अनेकवचन 'चिंट्स'. ते अनेकवचन आहे हे पुढे तेच विसरले आणि आज त्यांच्या भाषेत चिंट्झ हा एकवचनी शब्द होऊन बसला आहे.

आत काचेच्या कपाटांत अठराव्या शतकातले बायकांचे कपडे मांडलेले होते. त्यातल्या आखूड जाकिटांपुढे मी थबकलो. कमरेपर्यंतचा घट्ट अंग, हाताला चिकटून बसणाऱ्या बाह्या, पाठीमागे कमरेखाली चुण्या घालून सोडलेला थोडा घेर. पांढऱ्या जमिनीवर लाल, जांभळी, निळी फुले, एकाच वळणदार फांदीला चार निरनिराळ्या जातींची. रंग असे, की कालच कुंदी करून आणले आहे. अडीचशे वर्षांचे सुती कापड! आमच्या दुकानातला चीट दिवाळीला शिवला तर संक्रांतीपर्यंत फिका.

लोक फुले पाहत होते. मी जोड पाहत होतो, ती सवय जात नाही. एका जाकिटाच्या एकाच बाहीत मी सात तुकडे मोजले. काखेत तर अगदी बोटाएवढ्या कळ्या जोडलेल्या. शिवणाऱ्या बाईने कातरण म्हणून काही उरूच दिले नव्हते. काखेतल्या, न दिसणाऱ्या जोडांत फुले वेडीवाकडी तुटली होती. पण छातीवर, जिथे दोन्ही पाळे समोरासमोर येतात, तिथे फांदी एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला न अडखळता जात होती. मला वडील आठवले हे सांगायला नको.

खाली पाटी होती. जाकीट कुठल्या भागातले, साधारण कोणत्या वर्षांतले. कापड: कोरोमंडल किनारा, भारत. कापड रंगवणाऱ्याचे नाव नाही, ते असणार तरी कसे. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला: हे जाकीट नेमके कोणी केले? बेतले आणि शिवले डच बाईने, हे खरे. पण ज्यासाठी ते जाकीट अडीचशे वर्षे जपले गेले, ती फांदी कुठून निघावी, कुठे वळावी, लालाशेजारी कुठला रंग बसावा, हे कोणी ठरवले?

एका जाणत्या मित्राचे मत असे, की ते युरोपातल्या व्यापाऱ्यांनी ठरवले. कंपन्या नमुने पाठवत, इथले कारागीर बरहुकूम नक्कल करत. हे मत पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते आणि त्यात तथ्यही आहे. नमुने येत होते. पण ज्याने हे कापड होताना पाहिले आहे त्याला 'नक्कल' हा शब्द वापरणे जड जाईल असे मला वाटते. म्हणून आधी कापडाबद्दल.

कोरोमंडल म्हणजे चोळमंडल, आजच्या आंध्र-तमिळनाडूचा पूर्व किनारा. या किनाऱ्यावर चीट छापत नसत, लेखणीने रंगवत. म्हणून फारसीत त्याला कलमकारी म्हणतात. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरला. सिरोंज-बऱ्हाणपूरकडच्या छापील कापडाबद्दल त्याने लिहिले आहेच, पण गोवळकोंड्याच्या राज्यातला, मछलीपट्टणमच्या आसपासचा लेखणीने रंगवलेला माल त्याने वेगळा काढून वाखाणला. रंगवण्याची कृती मात्र युरोपियनांना बराच काळ उमगत नव्हती. १७३४ च्या सुमारास ब्योल्यू नावाच्या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने पाँडिचेरीत एका रंगाऱ्याकडून कापड रंगवून घेतले आणि प्रत्येक टप्प्यावर त्या कापडाचा एकेक तुकडा कापून टिपणांसोबत ठेवला. ते हस्तलिखित पॅरिसमध्ये आहे. पुढे जानेवारी १७४२ मध्ये कर्दू या जेझुइट पाद्र्याने सबंध कृती पत्रातून फ्रान्सला कळवली. ती त्याने ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून काढून घेतली होती. (त्याच्या आदल्याच वर्षी रघुजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली होती. त्या धामधुमीतही पाद्रीबाबा हिरड्याची मापे टिपत होते.) हाच कर्दू पुढे संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक यांचे नाते सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत गणला गेला. भाषाशास्त्रवाले त्याला त्यासाठी ओळखतात, मला तो हिरड्यासाठी जवळचा.

ही टिपणे वाचून डोक्यात नीट बसेनात, म्हणून मी श्रीकालहस्तीला जाऊन एका कलमकारी चित्रकारांच्या ओसरीवर आठ दिवस बसलो. तिथे ही कला १९५० च्या दशकात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने पुन्हा उभी राहिली. जुन्या चिटाची कृती आणि आजची कृती तंतोतंत एक नाही, पण पाया तोच.

कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचे. हिरड्यातला तुरट अंश धाग्याला धरतो. दुधातल्या स्निग्धपणामुळे लेखणीची रेघ पसरत नाही. ओसरीवर पाऊल टाकताच नासक्या दुधाचा वास येतो आणि दोन दिवसांनी तो येईनासा होतो. मग चिंचेच्या काटकीचा कोळसा घेऊन आखणी. निर्यातीच्या मालासाठी पूर्वी खाका वापरत: कागदावर नक्षी काढून रेघांवर सुईने भोके पाडायची, कापडावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. जरीकामवाले आजही हेच करतात.

काळी रेघ लोखंडाची. गंजके खिळे, पत्रे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून कुजवायचे. ते पाणी हिरडा प्यालेल्या कापडाला लागले की क्षणात काळे होते. लेखणी बांबूची, टोकाच्या वर लोकरीची किंवा चिंधीची गाठ. गाठ दाबली की रंग टोकाशी उतरतो.

लाल रंग मात्र लेखणीत नसतोच, आणि सगळी गंमत इथे आहे. जिथे लाल हवा तिथे चित्रकार तुरटीचे पाणी लावतो. तुरटी हा रंगबंधक. फिकट तुरटी लावली तर पुढे गुलाबी येणार, दाट लावली तर तांबडा, लोखंड मिसळले तर जांभळा. पण लावताना सगळे पाण्यासारखेच. आपण कुठे लावले एवढे कळावे म्हणून जुने रंगारी त्यात पतंगाच्या लाकडाचा नाममात्र रंग घालत. मग सगळे कापड चायमुळाच्या काढ्यात उकळायचे. या मुळाचा आपल्या चहाशी संबंध नाही. तमिळमध्ये त्याला सायवेर म्हणतात, आणि कृष्णेच्या मुखाकडच्या, शंखशिंपल्यांचा चुना असलेल्या वाळूत उगवलेल्या मुळाचा लाल सर्वांत चांगला मानत. काढ्यातून निघाल्यावर तुरटीच्या जागी लाल, गुलाबी, जांभळा आपापल्या ठिकाणी बसलेले दिसतात. उरलेला मळकट डाग शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात बुडवून, उन्हात पसरून, पुनःपुन्हा पाणी शिंपडून घालवायचा.

निळ्याची तऱ्हा उलटी. नीळ अशी तुरटीने धरत नाही. म्हणून निळे आणि हिरवे व्हायचे तेवढे भाग मोकळे ठेवून बाकी सबंध कापड मेणाने झाकायचे, निळीच्या कुंडात बुडवायचे, वाऱ्यावर धरले की पिवळट हिरव्याचा डोळ्यांदेखत निळा होतो, आणि मग उकळत्या पाण्यात मेण काढायचे. पाकळीवरच्या केसाएवढ्या पांढऱ्या शिराही मेणाच्याच, लोखंडी तारेच्या लेखणीने काढलेल्या. शेवटी पिवळा, नुसता वरून लावलेला. निळ्यावर पिवळा लावला की पाने हिरवी. हा पिवळा मात्र कच्चा. म्हणून जुन्या चिटांत पाने निळी दिसतात. लेउवार्डनला पुतणीने विचारले होते, "काका, यांनी पानं निळी का केली?" तेव्हा मला उत्तर आले नव्हते. चित्रकाराने ती हिरवीच केली होती.

आता विचार करा. ज्याच्या हातातले पाणी लावताना एकसारखेच दिसते, आणि आठवड्यांनंतर निरनिराळ्या तीन छटा होऊन उमटते, त्याला सबंध झाड आधी मनात रंगवून मग कापडावर उतरवावे लागते. खाका त्याला रेघ देतो, रंग देत नाही. डाव्हिड, पीटर कोणी काय पाठवले हा पुढचा प्रश्न. डच कंपनीचा डॅनियल हाव्हार्ट या किनाऱ्यावर बरीच वर्षे राहिला. त्याने १६९३ मध्ये छापलेल्या ग्रंथात गोदावरीकाठच्या पालकोल्लूच्या रंगाऱ्यांचे काम गोगलगायीच्या चालीचे आहे असे म्हटले आहे, आणि पुढे असेही, की कोणाला धीराचे चित्र काढायचे असेल तर त्याने या रंगाऱ्यालाच समोर बसवावे. आधीच्या वाक्यात मालाला उशीर होतो म्हणून कुरकुरणारा व्यापारी आहे, नंतरच्यात रंगाऱ्यापुढे गप्प झालेला माणूस.

आणि नमुन्यांचे म्हणाल, तर माझ्या बाजूचा पुरावा व्यापाऱ्यांच्याच पत्रात आहे. १६४३ मध्ये लंडनच्या इंग्रज कंपनीने सुरतेला लिहिले, की तुम्ही पाठवता त्या रजयांची जमीन फार काळपट लाल असते, इकडे खपत नाही. पांढरी जमीन जास्त ठेवा आणि मधे फुले-फांद्या रंगीत काढा. कशा काढा? तर रंगवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. हे त्या पत्रातच आहे. पुढे खरोखरीचे नमुने आले, त्यांत युरोपातली फुले आली, चिनी खडक आणि बांबू आले. पण ते सगळे एका फांदीला लावून ती फांदी जिवंत दिसावी ही करामत कागदावर आलेली नव्हती. जॉन अर्विन आणि कॅथरिन ब्रेट यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ही नक्षी अनेक देशांच्या देवघेवीतून कशी घडली ते दाखवले आहे. तो ग्रंथ पुरता वाचायला मला दीड वर्ष लागले. तो वाचल्यापासून मी मित्राशी वाद घालताना आवाज चढवत नाही. पण मत बदललेले नाही.

हे कापड अंगावर घालण्याचे वेड पुरुषांनाही होते. घरात घालायच्या सैल झग्याला इंग्रज 'इंडियन गाऊन' म्हणत. रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस याने १६६६ मध्ये आपले चित्र काढून घेताना असा झगा भाड्याने आणून अंगावर घातला. याच झग्याचे दुसरे नाव 'बनियन', म्हणजे वाण्याचा पोशाख. गुजराती 'वाणियो' पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला तो असा. पुढे इंग्रजीत तो शब्द आतल्या बंडीला लागला आणि तीच बंडी घेऊन आपल्याकडे परत आला. दोरीवर बनियन वाळत घालताना लंडनच्या त्या झग्याची आठवण कोणाला होणार!

बायकांच्या जाकिटाची गोष्ट इतकी हलकी नाही. फ्रान्सने १६८६ मध्ये रंगीत चीट आणायला आणि तिथे छापायलाही बंदी केली. ती उठली १७५९ मध्ये. इंग्लंडने आधी १७०१ पासून हिंदुस्थानी रंगीत कापड वापरण्यासाठी आणणे बंद केले, आणि १७२१ च्या कायद्याने असे कापड अंगावर घालणेच गुन्हा ठरवला. त्याआधी, १७१९ च्या उन्हाळ्यात, लंडनच्या स्पिटलफील्ड्समधले विणकर रस्त्यावर उतरले. चीट घातलेली बाई दिसली की तिच्यावर शाई किंवा तेजाब फेकायचे, कपडे अंगावरून ओरबाडायचे. त्या विणकरांच्या चुली थंड पडत होत्या, हे मला दिसते. आपल्याकडच्या विणकरांवर पुढे तीच वेळ आली. पण त्यांचा हात पडला तो कंपनीच्या गोदामांवर नाही, रस्त्याने चाललेल्या बायकांवर. आणि ओरबाडले जात होते ते पालकोल्लूच्या धीराचे काम.

डचांनी बंदी केली नाही. इतकी जाकिटे त्यांच्याकडे उरली याचे हे एक मोठे कारण. फ्रीसलंडमधल्या हिंदेलोपन या खलाशांच्या गावात तर चिटाचा घोट्यापर्यंतचा, पुढून उघडा अंगरखा बायकांच्या पोशाखाचा भागच झाला. त्याला 'वेंटके' म्हणतात. सणावाराला लाल फुलांचा, दुखवट्यात निळा-पांढरा. दर्यावर गेलेला माणूस परत येईल न येईल, म्हणून त्या घरांत निळा अंगरखाही तयार असणार. तो निळा ज्या कुंडातून निघाला त्या कुंडावरच्या माणसाला तो सुतकाचा आहे हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

इथवरच्या सगळ्यात मराठी माणूस कुठे आहे, असे एका व्याख्यानानंतर मला विचारले गेले. आहे. एकोजीराजे भोसले १६७५ च्या सुमारास तंजावरचे धनी झाले, आणि १६७६ मध्ये त्यांनी नागपट्टणम बंदराबाबत डचांशी करार केला. नागपट्टणम डचांकडे, तरंगमबाडी डेन्मार्ककडे, पुढे १७३९ पासून कारिकाल फ्रेंचांकडे. कापडाची ही बंदरे भोसल्यांच्या राज्याच्या कडेला लागून होती. तंजावर म्हटले की आपल्याला सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, मराठी नाटके आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण कुंभकोणमजवळ, कोल्लिडम नदीकाठी कोडाली करुप्पूर नावाचे गाव आहे. तिथे तंजावर दरबारासाठी जे कापड होई त्याला तोड नव्हती. विणकर आधी सुती कापडात जरीची बुटी विणी. मग रंगारी त्या प्रत्येक बुटीभोवती लेखणीने रेघ ओढून, मेण लावून, बाकीचे कापड गर्द तांबड्या-काळ्यात रंगवी. जर अशी नुसती चमकत नाही, रंगाच्या आतून दिसते. या साड्या आणि पागोटी राजघराण्यात वापरत आणि मानाचे कापड म्हणून दुसऱ्या मराठा दरबारांतही जात. विणकराने बुटी कुठे घालायची हे रंगाऱ्याच्या नक्षीवर ठरे. एकाला सोडून दुसऱ्याला कापड बेतताच येत नसे. १८५५ मध्ये संस्थान खालसा झाले, गिऱ्हाईक गेले, आणि काही दशकांत काम थांबले.

किनाऱ्यावरच्या चिटाचे काम त्याआधीच खालावले होते. फ्रान्सची बंदी उठल्याबरोबर १७६० मध्ये ओबेरकाम्फने पॅरिसजवळ जुई येथे छापखाना काढला. तांब्याच्या पत्र्यावरून, मग फिरत्या रुळावरून छपाई सुरू झाली. १८६९ पासून कारखान्यात केलेला लाल रंग बाजारात आला आणि चायमुळाची शेते पडीक झाली. पंढरपूरच्या दुकानात फळीवर पडलेला तो विटणारा चीट या सगळ्याच्या शेवटी येतो. शब्द तोच राहिला, म्हणून वडिलांनी नियमही तोच ठेवला असेल काय? त्यांना हे काही ठाऊक नव्हते. त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते.

श्रीकालहस्तीहून निघताना मी पाच वार कापड घेतले. चित्रकारांना विनंती केली, की कोपऱ्यात तुमचे नाव घाला. ते हसले. मग तेलुगू अक्षरांत बारीक लेखणीने घातले. लेखात नाव देऊ का विचारले तर म्हणाले, कापडावर आहे तेवढे पुरे. म्हणून इथे देत नाही.

ते कापड कपाटात दोन वर्षे पडून होते. कात्री लावायचा धीर होईना. मागच्या पावसाळ्यात वडिलांचे मशीन तेलपाणी करून घेतले आणि बायकोच्या मापाचे जाकीट बेतायला बसलो. नाव नेमके कडेला, कातरणीत जाणार अशा जागी होते. कागदी खाके तीनदा हलवले. शेवटी डावी बाही दोन तुकड्यांत काढली, तेव्हा कुठे नाव पाठीच्या भागात, मानेच्या आत बसले. बाहीतला जोड कोपराच्या वर आला आहे. फूल जुळवायला वीतभर कापड गेले.